सापडलं मुंबईत, घडलं शेंद्र्यात : हाताने केलेल्या छोट्या कॉमिक्सचा इतिहास कसा लिहायचा?

"विषय आवडलाय, पण साधनं कुठे मिळतील?" पेट किंवा नेटची तयारी करणारे मित्रमैत्रिणी हा प्रश्न मला सारखा विचारतात. बहुतेक वेळा उत्तर सोपं असतं. पुराभिलेखागार, विद्यापीठाचं ग्रंथालय, जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली. पण काही वस्तू या तिन्ही ठिकाणी नसतात. त्या दोन-तीन दिवस एका टेबलावर मांडलेल्या असतात आणि मग पंचवीस-तीस माणसांच्या दप्तरांत विखुरतात. हाताने केलेली छोटी कॉमिक्स, ज्यांना 'मिनी-कॉमिक' म्हणतात, ती अशीच एक वस्तू आहे. ती कॉमिक्सच्या संमेलनात हाती लागली तर इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिचं करायचं काय, याबद्दल आज लिहिते आहे.

मुद्दा एका वाक्यात आधीच सांगून टाकते. वस्तू सापडण्याची जागा आणि वस्तू घडण्याची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचा माग पहिल्या दिवशीच काढला नाही तर तो बहुतेक वेळा कायमचा हरवतो. बाकीचा सगळा लेख म्हणजे या वाक्याचा खुलासा.

आधी वस्तू नीट पाहू

एक ए-फोर कागद घ्या. लांबीचे चार आणि रुंदीचे दोन भाग पडतील अशा घड्या घाला. कागदावर आठ चौकटी दिसतील. आता मधल्या आडव्या घडीवर, फक्त मधल्या दोन चौकटींपुरता एक काप द्या आणि कागद पुन्हा दुमडा. आठ पानांची पुस्तिका तयार होते. प्रत्येक पान साधारण साडेसात बाय साडेदहा सेंटीमीटर, म्हणजे शर्टाच्या खिशात मावेल एवढं. पिन नाही, शिलाई नाही, गोंद नाही. छपाई कागदाच्या एकाच बाजूला असते. मागची बाजू कोरी राहते किंवा तिथे एखादं मोठं चित्र असतं, जे पुस्तिका पूर्ण उलगडल्यावरच दिसतं. कागद सपाट पसरला की वरच्या ओळीतली चार पानं उलटी दिसतात. काढणाऱ्याला चित्र काढतानाच हा हिशोब करावा लागतो.

हा सगळ्यात स्वस्त प्रकार. दुसऱ्या प्रकारात ए-फोर कागद मधोमध दुमडून, दोन्ही बाजूंना झेरॉक्स काढून, मध्ये दोन पिना मारलेल्या असतात. चित्र कधी शाईने काढलेलं असतं, कधी टॅब्लेटवर. त्यामुळे 'हाताने केलेलं' म्हणजे 'पेनने काढलेलं' असं समजू नका. मी हा शब्द वापरते तो या अर्थाने : चित्र काढणं, प्रती काढणं, घडी घालणं, कापणं आणि विकणं ही पाचही कामं एकाच माणसाने किंवा दोन-चार मित्रांनी मिळून केलेली असतात. मध्ये प्रकाशक नाही, मुद्रक नाही, वितरक नाही. इतिहासकाराच्या दृष्टीने अडचण नेमकी इथेच सुरू होते, कारण कागदपत्रं सहसा ही मधली माणसंच मागे ठेवतात.

संमेलन म्हणजे दोन दिवसांची बाजारपेठ

भारतात कॉमिक कॉन सुरू झाला तो २०११ साली, दिल्लीत. त्याच वर्षी तो मुंबईतही आला. तिथे गेलेल्यांना आठवेल : सगळ्यात मोठी गर्दी असते ती सुपरहिरोंचे वेश करून आलेल्या पोरांभोवती आणि खेळणी, टी-शर्ट, पुतळे विकणाऱ्या दुकानांभोवती. कॉमिक्स स्वतः काढणारे लोक बहुधा एका बाजूच्या रांगेत, लहान टेबलांवर बसलेले असतात. याशिवाय भरत मूर्ती यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या 'इंडी कॉमिक्स फेस्ट'सारख्या जागा आहेत, जिथे ही लहान टेबलंच मुख्य असतात.

शेंद्र्यात राहणाऱ्या माणसाला ही रचना परकी वाटायला नको. आमच्याकडे चैत्रात मांगीरबाबांची जत्रा भरते. जत्रा कोणतीही घ्या, तिथे दुकानं उभी राहतात, चार दिवस धंदा करतात आणि निघून जातात. आरत्यांच्या, व्रतकथांच्या आठ-सोळा पानी पुस्तिका अशाच दुकानांतून घरोघर गेल्या. पण त्या कोणी, कुठून आणून विकल्या याची नोंद कुणाच्या वहीत सापडत नाही. संमेलनाचंही तसंच आहे. आयोजकांकडे टेबल घेणाऱ्यांची यादी असू शकते, पण कोणत्या टेबलावर काय ठेवलं होतं याची यादी सहसा नसते.

एक पुस्तिका, दोन गावं

आता माझ्या संग्रहातलं एक उदाहरण घेऊ. मुंबईच्या एका संमेलनात मी वर सांगितलेल्या पद्धतीची आठ पानी पुस्तिका विकत घेतली. विषय कंपनीच्या बसचा. पहाटे साडेपाचला थांब्यावर उभी असलेली माणसं, बसमध्ये डोकं खिडकीला टेकवून झोपलेला पोरगा, आणि शेवटच्या पानावर गेटवरचं हजेरीचं मशीन, ज्याला त्याचा अंगठा ओळखता येत नाही. शब्द जेमतेम वीस-बावीस. पुस्तिकेवर ना नाव, ना गाव, ना साल, ना किंमत.

समजा ही पुस्तिका मी न बोलता विकत घेतली असती, तर माझ्या नोंदवहीत ओळ पडली असती : 'मुंबई, निनावी.' उद्या कुणी माझ्या नोंदीवरून लिहिलं असतं की मुंबईतल्या कॉमिक्सकारांनी कामगारांच्या आयुष्यावर असं असं काम केलं. टेबलामागे बसलेल्या मुलाला दोन प्रश्न विचारल्यावर कळलं की तो आमच्याच औद्योगिक वसाहतीत शिकाऊ कामगार होता. चित्रं त्याने बसमध्ये बसून काढली होती. प्रती काढल्या होत्या शेंद्र्याच्या एका झेरॉक्सच्या दुकानात. तेच मशीन, ज्याच्यावर दिवसभर आधार कार्डं, बँकेची पासबुकं आणि कंत्राटदाराला द्यायची कागदपत्रं निघतात. चाळीस प्रती काढल्या होत्या. त्यातल्या काही बसमधल्या सोबत्यांना आधीच वाटल्या होत्या. म्हणजे मुंबईचे वाचक हे या पुस्तिकेचे दुसरे वाचक होते. पहिले वाचक जालना रोडवरच्या बसमध्ये बसलेले होते.

एवढ्या माहितीने पुस्तिकेचा अर्थच बदलतो. मुंबईच्या वाचकाला हजेरीच्या मशीनचं शेवटचं चित्र विनोद वाटतं. ज्या बसमध्ये ती आधी वाटली गेली तिथे ते चित्र पगार कापला जाण्याबद्दल होतं. हा फरक पुस्तिकेत लिहिलेला नाही. तो फक्त विचारल्यामुळे मिळाला. (त्याने आपलं नाव छापू नको असं सांगितलं आहे, म्हणून ते इथे नाही. या मुद्द्याकडे शेवटी येते.)

पैठणची चित्रं : नाव कुठून आलं?

सापडण्याच्या जागेचं नाव वस्तूला चिकटतं, याचं मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. कलेच्या इतिहासात 'पैठण चित्रं' म्हणून ओळखली जाणारी एक चित्रपरंपरा आहे. रामायण-महाभारतातल्या कथांचे प्रसंग सुट्या कागदांवर रंगवलेले. ठसठशीत बाह्यरेषा, मोठे डोळे, एका बाजूने दाखवलेले चेहरे. या चित्रांचा मोठा संग्रह पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहे. ती पैठण भागात मिळाली म्हणून त्यांना पैठणचं नाव मिळालं.

दुसरीकडे सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजातल्या चित्रकथींकडे अशाच चित्रांच्या पोथ्या आहेत. तिथे एका कथेची चित्रं म्हणजे एक पोथी. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे पान उलटलं की पुढचा प्रसंग. सांगणारा चित्र दाखवत जातो आणि गात जातो. पिंगुळीत ही परंपरा सांभाळणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

या दोन ठिकाणच्या चित्रांचं एकमेकांशी नातं काय, हा अभ्यासकांचा जुना विषय आहे. आपल्यासाठी महत्त्वाचं ते वेगळंच. पिंगुळीत चित्र, ते दाखवणारा, त्याची गाणी, त्याची वाद्यं आणि त्याचं गाव एकत्र आहेत. तिथे माणसाला विचारता येतं. पैठणच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बहुतेक पानांवर काढणाऱ्याचं नाव नाही. ती संग्राहकाकडे आली तेव्हा गोष्ट सांगणारा माणूस त्यांच्यापासून आधीच सुटलेला होता. पान उरलं, पण ते कोणत्या ओळीला उलटायचं हे उरलं नाही.

इथे एक सावधगिरी. आपण अजिंठ्याच्या जिल्ह्यातले. त्यामुळे कॉमिक्सवर प्रबंध लिहायला बसलं की पहिल्या प्रकरणात अजिंठा, मग चित्रकथी, मग पट, आणि शेवटी आजचं कॉमिक अशी सरळ रेघ ओढायचा मोह होतो. ती रेघ ओढू नका. दोन गोष्टी सारख्या दिसतात याचा अर्थ एकातून दुसरी निघाली असा होत नाही. बसमध्ये चित्र काढणाऱ्या त्या मुलाने चित्रकथीची पोथी पाहिलेली नव्हती. त्याने मोबाइलवर जपानी मांगा वाचली होती आणि कंपनीच्या भिंतीवरची सुरक्षेची चित्रं रोज पाहिली होती. वारसा सांगायचा तर आधी तो हातातून हातात कसा आला ते दाखवावं लागतं. पैठणच्या चित्रांकडून मी वंशावळ घेत नाही. मी त्यांच्याकडून इशारा घेते.

सायक्लोस्टाइल ते झेरॉक्स

वंशावळ शोधायचीच असेल तर ती चित्रांत शोधण्यापेक्षा यंत्रांत शोधावी, असं माझं मत आहे. छापखान्याच्या बाहेर राहून स्वतःचं काही वाटायचं असेल, तर माणूस त्या काळातलं कचेरीचं यंत्र वापरतो.

यंत्र येण्याआधी हात होता. अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढत. शाळा-कॉलेजांमधले हस्तलिखित अंक, फळ्यावर लावलेली भित्तिपत्रकं ही याच जातीची. प्रत एकच, वाचक मात्र अनेक.

मग कचेऱ्यांत सायक्लोस्टाइल आलं. मेणाच्या स्टेन्सिलवर टाइपरायटरने किंवा टोकदार लेखणीने कोरायचं आणि त्यातून शाई पाझरवून प्रती काढायच्या. १९५४ साली दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी 'शब्द' हे अनियतकालिक सायक्लोस्टाइलवर काढलं. चित्रे तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे होते. पुढे १९६० च्या दशकात अशोक शहाणे यांचं 'असो', भालचंद्र नेमाडे यांचं नाव ज्याच्याशी जोडलेलं आहे ते 'वाचा', अशी अनियतकालिकं एकामागून एक निघाली. काही सायक्लोस्टाइलवर, काही लहान छापखान्यांत. आज मराठी साहित्याचा इतिहास यांच्याशिवाय लिहिता येत नाही. पण यातले अंक मूळ स्वरूपात पाहायचे म्हटले तर कुणाच्या तरी घरच्या कपाटापर्यंत पोचावं लागतं. अंजली नेर्लेकर यांचं कोलटकरांवरचं 'बॉम्बे मॉडर्न' (२०१६) हे पुस्तक वाचा. सुटे कागद, मुखपृष्ठं, छोटे अंक या गोष्टींकडे साधन म्हणून कसं पाहावं हे त्यातून शिकता येतं. मुंबईच्या कवींच्या अशा कागदपत्रांचा संग्रह आता अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात आहे. तो तिथे जपला गेला ही चांगलीच गोष्ट. पण संभाजीनगरच्या विद्यार्थ्याला आपल्याच भाषेतले अंक पाहायला तिथवर जावं लागेल, हेही लक्षात ठेवा.

कोलटकर जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले, जाहिरातीच्या धंद्यात नाव कमावलेले चित्रकार. तरी त्या काळातल्या या चळवळीत कविता भरपूर दिसते, कॉमिक दिसत नाही. का? कारणं अनेक असतील, पण एक मला यंत्रात दिसतं. स्टेन्सिलवर अक्षर टाइप करणं सोपं, चित्र कोरणं अवघड. बारीक रेघ जेमतेम उठते, काळा भरीव भाग नीट येत नाही, करडी छटा तर येतच नाही. रेघ जवळजवळ आली की मेण फाटतं. झेरॉक्सने हे बदललं. अमेरिकेत 'झेरॉक्स ९१४' हे यंत्र १९५९ मध्ये आलं. भारतात मोदी झेरॉक्स ही कंपनी १९८३ साली स्थापन झाली आणि पुढच्या काळात झेरॉक्सची दुकानं गल्लोगल्ली दिसू लागली. आता कागदावर जे काढलं ते तसंच्या तसं दुसऱ्या कागदावर येऊ लागलं. चित्र आणि अक्षर यांना सारखीच मेहनत, सारखाच दर. घरगुती कॉमिकसाठी लागणारी अट इथे पूर्ण होते. हे माझं अनुमान आहे, आणि तुम्ही ते तपासून पाहावं अशीच इच्छा आहे.

याच झेरॉक्सवर शरद शर्मा यांच्या 'वर्ल्ड कॉमिक्स इंडिया'ने आपली पद्धत उभी केली. कार्यशाळेत गावातली माणसं स्वतःच्या प्रश्नावर चार चौकटींची गोष्ट काढतात. दोन ए-फोर कागद जोडून भित्तिपत्रक होतं, त्याच्या झेरॉक्स प्रती काढून गावातच भिंतींवर लावल्या जातात. ही कॉमिक्स संमेलनात विकण्यासाठी नसतातच. ज्यांच्याबद्दल ती आहेत तेच त्यांचे पहिले वाचक. आमच्या बसमधल्या चाळीस प्रतींसारखंच.

नोंद का होत नाही?

१८६७ च्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण देणं बंधनकारक केलं आणि सरकारकडे प्रत देऊन नोंद करायची व्यवस्था लावली. इंग्रज सरकारचा हेतू लक्ष ठेवण्याचा होता, पण त्यातून तयार झालेल्या याद्या पुढे अभ्यासकांच्या कामी आल्या. (त्या कायद्याची जागा आता २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली आहे.) १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना पाठवायची असते. शंकर गणेश दाते यांनी 'मराठी ग्रंथसूची' केली. अशा सूचींच्या खांद्यावर बसून आपण ग्रंथव्यवहाराचा इतिहास लिहितो.

पण या सगळ्या व्यवस्थेला पकडायला एक माणूस लागतो : मुद्रक किंवा प्रकाशक. झेरॉक्सवाला स्वतःला मुद्रक समजत नाही आणि बसमधला मुलगा स्वतःला प्रकाशक समजत नाही. त्यामुळे वस्तू असते, वाचक असतात, पण दप्तरी तिचा जन्मच होत नाही.

याच शहरातलं उलटं उदाहरण पाहा. गंगाधर पानतावणे यांनी तेव्हाच्या औरंगाबादेतून 'अस्मितादर्श' हे त्रैमासिक १९६० च्या दशकाच्या शेवटी सुरू केलं आणि अनेक दशकं चालवलं. दलित साहित्याच्या अभ्यासकाला त्याच्या अंकांवर अंक मांडून बसता येतं, कारण त्याला नाव होतं, पत्ता होता, क्रमांक होते, वर्गणीदार होते. साधनंही लहानच होती, पैसाही बेताचाच होता. फरक पडला तो सातत्याने आणि पत्त्याने. म्हणून ग्रंथालयात जे मिळतं तेवढंच घडलं होतं असं धरून चालू नका. मिळतं ते पत्ता असलेलं.

दुसरीकडे काय केलं गेलं?

टोकियोत २१ डिसेंबर १९७५ रोजी 'कॉमिकेट' हा मेळा पहिल्यांदा भरला. ३२ गट आणि सुमारे ७०० माणसं. आज तिथे लाखोंची गर्दी होते. हौशी मंडळींनी स्वतः काढलेली पुस्तकं तिथे विकली जातात. कॉमिकेटचा एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो : टेबल घेणाऱ्या प्रत्येक गटाने आपल्या नव्या पुस्तकाची एक नमुना प्रत आयोजकांकडे द्यायची. नियम मेळा सुरळीत चालावा, आत काय विकलं जातंय ते कळावं यासाठी आहे. पण त्यातून आपोआप संग्रह झाला. मेळ्याच्या सुरुवातीच्या कर्त्यांपैकी एक असलेल्या योशिहिरो योनेझावा यांच्या नावाचं ग्रंथालय मेइजी विद्यापीठात २००९ साली उघडलं, आणि या नमुना प्रतींचा काही भाग आता तिथे पाहता येतो.

अमेरिकेत १९७०-८० च्या दशकांत टपालाने एकमेकांना पाठवली जाणारी आठ पानी मिनी-कॉमिक्स 'न्यूवेव्ह' या नावाने ओळखली जातात. त्यांचा जाडजूड संग्रह २०१० साली पुस्तकरूपाने निघाला, कारण त्यात भाग घेणाऱ्यांनी पाकिटं फेकून दिली नव्हती. १९९४ पासून मेरीलँड राज्यात भरणाऱ्या 'स्मॉल प्रेस एक्स्पो'ने २०११ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसशी करार केला आणि तिथली निवडक कॉमिक्स राष्ट्राच्या ग्रंथालयात जमा होऊ लागली.

दोन्हींत सूत्र एकच आहे. संग्रह मेळ्याच्या दारातच सुरू झाला. पन्नास वर्षांनी कुणी तरी शोधायला येईल म्हणून वाट पाहिली नाही.

मग टेबलासमोर उभं राहून काय करायचं?

मी जी पद्धत वापरते ती सांगते. यातलं बरंचसं कुठल्याही सुट्या छपाईला लागू पडेल : पत्रकं, जत्रेतल्या पुस्तिका, लग्नपत्रिका, मोर्चाचे फलक.

पहिलं म्हणजे पैसे देऊन विकत घ्या. 'संशोधनासाठी आहे' म्हणून फुकट मागू नका. चाळीस प्रतींतली एक प्रत म्हणजे त्याच्या मालाचा चाळिसावा हिस्सा असतो.

दुसरं, तिथल्या तिथे सहा प्रश्न विचारा. चित्र कोणी काढलं? कुठे बसून काढलं? प्रती कोणत्या यंत्रावर, कुठे काढल्या? किती काढल्या, आणि ही पहिली खेप की दुसरी? याआधी कुणाला दिल्या? काढताना समोर काय होतं, म्हणजे काय वाचलं-पाहिलं होतं? पाच मिनिटं लागतात. पाचव्या प्रश्नाला सगळ्यात जास्त माहिती मिळते असा माझा अनुभव आहे.

तिसरं, उत्तरं पुस्तिकेवर लिहू नका. वेगळ्या चिठ्ठीवर तारीख, ठिकाण आणि किंमत घालून लिहा. टेबलावरची पावती मिळालीच तर तिचा फोटो काढून ठेवा. असल्या चकचकीत कागदावरची अक्षरं वर्ष-दोन वर्षांत उडून जातात.

चौथं, घरी येऊन वस्तूलाच प्रश्न विचारा. झेरॉक्सच्या काचेवर ओरखडा असेल तर तो प्रत्येक प्रतीवर त्याच जागी काळा ठिपका होऊन उमटतो. दोन वेगळ्या पुस्तिकांवर तोच ठिपका त्याच जागी दिसला, तर त्या एकाच यंत्रावर निघाल्या असण्याची शक्यता तपासायला घ्या. रेघा जाड झाल्यात, करड्या छटा गेल्यात? मग ती बहुधा झेरॉक्सची झेरॉक्स आहे, म्हणजे मूळ कागद हाताशी नव्हता किंवा दुसऱ्याच कुणी प्रती काढल्या. कडा वाकड्या असतील तर कात्रीने कापलंय, सरळ असतील तर दुकानातल्या कटरने. पिना गंजल्या असतील तर वस्तू ओलीत राहिली आहे. ठेवताना प्लास्टिकच्या पीव्हीसी पिशवीत ठेवू नका. झेरॉक्सची शाई म्हणजे उष्णतेने चिकटवलेली प्लास्टिकची भुकटी असते, ती पिशवीला चिकटून निघून येते. साधं कागदी पाकीट पुरतं.

पाचवं, लिहिताना 'मला सापडलं' आणि 'अस्तित्वात होतं' यांत गल्लत करू नका. तुम्हाला एका संमेलनात कामगारांवरची तीन कॉमिक्स मिळाली, तर त्यावरून राज्यात तीनच आहेत असंही म्हणता येत नाही आणि मोठी लाट आहे असंही म्हणता येत नाही. एवढंच म्हणता येतं की त्या दिवशी, त्या टेबलांवर, ज्यांना मुंबईपर्यंतचं भाडं आणि टेबलाचे पैसे परवडले त्यांच्यात तिघे होते. ज्यांना परवडलं नाही त्यांची कॉमिक्स अजून बसमध्येच आहेत.

नाव द्यायचं की नाही?

शेवटचा मुद्दा सगळ्यात नाजूक. चाळीस प्रती काढणारा माणूस चाळीस लोकांशी बोलत असतो, जगाशी नाही. बसमधल्या सोबत्यांसाठी काढलेलं चित्र मी स्कॅन करून इंटरनेटवर टाकलं, तर ते त्याच्या वरिष्ठांनाही दिसेल. कंत्राटावर असलेल्या माणसाला याची किंमत मोजावी लागू शकते. म्हणून मी नाव, कंपनी आणि चित्रं, तिन्ही झाकून ठेवली आहेत. पूर्ण नोंद माझ्या वहीत आहे. ती केव्हा उघडायची हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं आहे, आणि ते लिहूनही ठेवलं आहे. नाव झाकणं आणि नाव न विचारणं यांत फरक आहे. पैठणच्या पानांबाबतीत नावं झाकलेली नाहीत, ती कुणी टिपलेलीच नव्हती. आपल्याला टिपायची आहेत, आणि वेळ येईपर्यंत सांभाळायची आहेत.

तुम्ही आराखडा लिहायच्या तयारीत असाल तर संमेलनाची वाट पाहू नका. तुमच्या कॉलेजात हस्तलिखित अंक निघत होता का, ते आधी शोधा. मराठी विभागाच्या कपाटात, एखाद्या निवृत्त सरांच्या माळ्यावर, नाही तर प्रयोगशाळेच्या जुन्या टेबलाच्या खणात एखादा तरी निघेल. तो कोणी लिहिला, चित्रं कोणी काढली, वाचला कोणी, हे सांगणारी माणसं आज साठी-सत्तरीत आहेत. रद्दी दर महिन्याला जाते. तेव्हा पुढच्या रविवारी जा, आणि सोबत कोरी वही न्या.